मायनर कॉर्डचा विस्तार : स्वर सात, तारा सहा

गिटार शिकणाऱ्याची मायनर कॉर्डशी ओळख लवकर होते. परंतु ‘डी मायनर इलेव्हन्थ’ किंवा ‘डी मायनर थर्टीन्थ’ असे लिहिलेले दिसले की तो बिचकतो. वास्तविक यामागील तत्त्व सोपे आहे. मूळ स्वरापासून एकाआड एक स्वर घेत वर जायचे. डी मायनरमध्ये डी, एफ आणि ए हे स्वर असतात. त्यांत सी मिळवला की सेव्हन्थ, पुढे ई आला की नाइन्थ, जी आला की इलेव्हन्थ आणि बी आला की थर्टीन्थ. डी हा षड्ज मानल्यास हे स्वर सा, कोमल ग, प, कोमल नी आणि वरच्या सप्तकातील रे, म, ध असे होतात. म्हणजेच मायनर थर्टीन्थमध्ये काफी थाटाचे सातही स्वर एकत्र येतात.

खरी अडचण वाजवताना येते. तारा सहा, बोटे चार. तेव्हा काही स्वर गाळणे भागच असते. प्रथम पंचम गाळावा, त्याची उणीव फारशी जाणवत नाही. कोमल गंधार आणि कोमल निषाद मात्र राखावेत, कारण कॉर्डची ओळख त्यांच्यावरच अवलंबून असते. साथीला बास गिटार असेल तर मूळ स्वरही सोडता येतो.

डी मायनर नाइन्थसाठी मधले बोट पाचव्या तारेच्या पाचव्या पडद्यावर, तर्जनी चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवावी. अनामिका आणि करंगळी अनुक्रमे तिसऱ्या व दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर येतील. सहावी आणि पहिली तार वाजवू नये. आता तर्जनी आडवी करून पहिल्या तारेचा तिसरा पडदाही दाबला, की तिथे जी मिळून इलेव्हन्थ तयार होते. थर्टीन्थसाठी अनामिकेने तिसरी व दुसरी तार एकदम दाबून करंगळी पहिल्या तारेच्या सातव्या पडद्यावर न्यावी. हा ताण सुरुवातीला जड जातो. मनगट किंचित पुढे काढल्यास सोपे पडते.

माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधील ‘सो व्हॉट’ या रचनेत बिल इव्हान्स पियानोवर जी प्रसिद्ध कॉर्ड वाजवतात, तिचे स्वर खालून वर ई, ए, डी, जी, बी असे आहेत. गिटारच्या सहाव्या तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंतच्या पाच मोकळ्या तारांचे हेच स्वर! त्या एकदम छेडल्या की मायनर इलेव्हन्थचा रंग एकही बोट न ठेवता ऐकू येतो.