शून्याच्या जागी दोन

हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आले नाही, तर मूल गैरहजर आहे की वर्गात असूनही त्याचे लक्ष नाही, हे नुसत्या शांततेवरून कळत नाही. दूरच्या यंत्रांकडून तारेवरून बातम्या घेणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. बातमी आली नाही, म्हणजे तिकडे सारे ठीक आहे की तारच तुटली आहे? अमेरिकेत या प्रश्नाने दोनदा अणुयुद्धाची धास्ती निर्माण केली.

पहिली घटना २४ नोव्हेंबर १९६१ ची. शत्रूच्या क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारे एक मोठे रडार ग्रीनलंडमध्ये थुले येथे होते. ओमाहा येथील सामरिक हवाई दलाच्या मुख्यालयाचा त्याच्याशी असलेला संपर्क एकाएकी तुटला. कोलोरॅडोतील ‘नोराड’ या हवाई संरक्षण केंद्राशीही बोलता येईना. एखादी तार तुटणे समजू शकते. पण सगळे मार्ग एकाच वेळी कसे बंद पडतील? हा हल्लाच असावा अशी शंका आली आणि बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना सज्ज राहण्याचा हुकूम गेला. थुलेजवळ घिरट्या घालणाऱ्या एका विमानाशी संपर्क झाला, तेव्हा तळ सुखरूप असल्याचे कळले. कागदावर स्वतंत्र असलेले हे सारे मार्ग प्रत्यक्षात कोलोरॅडोतील एकाच मध्यस्थ केंद्रातून जात होते आणि तेथील एक मोटर तापून बंद पडली होती.

मग तार चालू आहे की नाही, हे सतत तपासत राहावे, असे कोणालाही सुचेल. १९८० साली नोराडचे संगणक ओमाहा आणि पेंटॅगॉन येथे जाणाऱ्या तारांवर अखंड चाचणी-संदेश पाठवत असत. पण या संदेशांचा साचा हल्ल्याच्या संदेशासारखाच होता. फरक एवढाच, की क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्य असे.

३ जून १९८० च्या रात्री ओमाहाच्या पडद्यावर पाणबुडीतून सुटलेली दोन क्षेपणास्त्रे दिसू लागली. अठरा सेकंदांत आकडा वाढला. बॉम्बफेकी विमानांची इंजिने सुरू झाली. ओमाहाच्या अधिकाऱ्यांनी नोराडला विचारले, तेव्हा तेथील रडार आणि उपग्रह काहीच दाखवत नव्हते. शिवाय ओमाहा आणि पेंटॅगॉन येथील पडद्यांवरचे आकडेही जुळत नव्हते. इशारा खोटा ठरवला गेला.

दोष शोधण्याची रीत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तज्ज्ञांनी यंत्रणेची मांडणी बदलली नाही; चूक पुन्हा होते का, याची वाट पाहिली. ६ जूनला ती पुन्हा झाली. शोध घेता घेता संदेशवहनाच्या संगणकातील एका चिपपर्यंत ते पोचले. तिची किंमत होती ४६ सेंट! ती शून्याच्या जागी मधूनच २ हा अंक भरत होती.

चिप बिघडणे हा खरे तर छोटा अपराध. मोठी चूक रचनेत होती. आपला वाणी बिलाखाली बेरीज लिहितो. एखादा आकडा चुकला की बेरीज जुळत नाही. असा कोणताही पडताळा या संदेशांना नव्हता. शिवाय ‘तार ठीक आहे’ आणि ‘हल्ला झाला’ या दोन गोष्टींत अंतर होते ते केवळ एका अंकाचे. पुढे चाचणी-संदेशातून हल्ल्याचा उल्लेखच काढून टाकण्यात आला. तो फक्त तारेची स्थिती सांगू लागला.

आज कार्यालयांतील संगणकांच्या जाळ्यांवरही अशीच पाळत असते. तेथे इशारा आला की आम्ही प्रथम दोन प्रश्न विचारतो: हे दुसऱ्या, खरोखर स्वतंत्र वाटेने कळते का? आणि बिघाड जाळ्यात आहे की पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेतच?

हा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. चार शून्ये लिहिलेली चिठ्ठी एका रांगेतून पुढे पाठवा. मधल्या एका मुलाला गुपचूप एका शून्याचे २ करायला सांगा. शेवटच्या मुलाला चूक ओळखता येणार नाही. मग चिठ्ठीवर अंकांची बेरीजही लिहा, मधल्या मुलाला फक्त एकच अंक बदलायची मुभा द्या, आणि चिठ्ठी पुन्हा पाठवा. आता काय होते, ते मुलांनाच सांगू द्या.