सैंधव आणि जाहिरात

पक्षिनिरीक्षणाचा छंद मला पन्नाशीनंतर जडला. उजनी धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यांत उतरणारे करकोचे पाहून आल्यावर त्यांच्याविषयीं अधिक वाचावें, म्हणून मीं पक्षिप्रेमी मंडळींनीं चालविलेलें एक इंग्रजी संकेतस्थळ उघडलें. करकोच्यांचें स्थलांतर, त्यांचें नृत्य, जोडप्यांची एकनिष्ठा यांचें तेथें मोठें मनोज्ञ वर्णन होतें. परंतु लेखाच्या उजव्या अंगास एक चौकट होती, आणि तींत बांधकामासाठीं क्रेन भाड्यानें देणाराची जाहिरात झळकत होती! करकोच्याचें इंग्रजी नांव आणि त्या अवजड यंत्राचें नांव एकच, हें वाचक जाणतातच. पुढें पाकोळीवरील लेख काढला, तों तेथें तिच्याच इंग्रजी नांवाची मोटारगाडी सुलभ हप्त्यांनीं विकावयास उभी. क्रौंचाचें जोडपें पाहून आदिकवीस श्लोक सुचला; या नव्या प्रतिभेस क्रेनचें भाडें सुचलें.

अशा विजोड जाहिराती पाहून हंसावें आणि पुढें जावें, हें साहजिक आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकास विजोडपणाही बोलका वाटतो. जाहिरात ही आरंभीं जागेला बांधलेली होती. नंतर ती शब्दाला बांधली गेली, आणि अखेरीस माणसाला. या प्रत्येक अवस्थेंतला विजोडपणा निराळा आहे, आणि शेवटचा तर हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं, असें मला वाटतें.

छापील पत्रांत जाहिरात व मजकूर यांची सोयरीक जुळवीत असे तो खिळे जुळविणारा, आणि तो पाहत असे रिकामी जागा. हिंदुस्थानांत छापलेलें पहिलें वर्तमानपत्र जेम्स ऑगस्टस हिकी यानें कलकत्त्यास २९ जानेवारी १७८० रोजीं काढलें. त्याच्या नांवांतच 'जनरल ॲडव्हर्टायझर' हे शब्द होते. लंडनच्या 'टाइम्स'चें पहिलें पान नित्य जाहिरातींनीं भरलेलें असे, आणि ही प्रथा ३ मे १९६६ रोजीं मोडली. या खिचडीची गंमत जुन्या इंग्रजी निबंधकारांच्या नजरेंतून सुटली नाहीं. ॲडिसननें १७१० त 'टॅटलर'मध्यें जाहिरातींवर एक संबंध निबंध लिहिला. डॉ. जॉन्सननें १७५९ त 'आयडलर'मध्यें याहून मार्मिक टोला मारला: वेढ्याची किंवा लढाईची बातमी वाचावयास आलेल्या उत्सुक वाचकाच्या गळीं उत्तम पावडरीच्या दुकानाचा पत्ता उतरविण्याची युक्ति ज्यास प्रथम सुचली, तो मोठा चतुर असला पाहिजे, असा त्याचा अभिप्राय आहे. आपल्याकडील जुन्या मासिकांचे बांधीव अंक चाळणारासही वेदान्तावरील लेखापाठोपाठ केशवर्धक तेल आणि शक्तिवर्धक गोळ्या भेटतातच. पण या विजोडपणांत एक समता होती. न्यायाधीशाला आणि त्याच्या शिपायाला एकच जाहिरात दिसे. तेलवाला दोघांसही ओळखत नसे.

विक्रेत्याला मात्र ही समता परवडत नव्हती. जाहिरातीवरील निम्मा पैसा वायां जातो, पण तो निम्मा कोणता तें कळत नाहीं, अशी तक्रार अमेरिकन व्यापारी जॉन वॅनमेकर याच्या नांवावर सांगतात. इंग्लंडांत तीच लॉर्ड लेव्हरह्यूमच्या नांवावर खपते. ही उधळण थांबविण्यासाठीं योग्य पत्र निवडण्याचें शास्त्र निघालें. जॉर्ज रॉवेल यानें १८६९ त अमेरिकन वर्तमानपत्रांची, त्यांच्या खपाच्या अंदाजासह, सूची छापली. आपल्याकडे १९२० त किर्लोस्करवाडीहून निघालेलें 'किर्लोस्कर खबर' हें आरंभीं कारखाना आणि त्याचीं गिऱ्हाइकें यांस जोडणारें पत्र होतें. वाङ्मयीन मासिकाचें रूप त्यास पुढें आलें. तथापि या सर्व खटाटोपांत निवड होई ती वाचकवर्गाची. त्या वर्गांतील अमुक एका गृहस्थाची नव्हे.

तो गृहस्थ सांपडला १९९४ नंतर. त्या वर्षीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यानें 'कुकी' योजिली, आणि २७ ऑक्टोबर रोजीं 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर महाजालाच्या आद्य जाहिरातपट्ट्या झळकल्या. कुकी म्हणजे देवळाबाहेर जोडे ठेवतांना मिळणारा क्रमांकाचा बिल्ला समजावा. बिल्ला दाखविला कीं आपले जोडे आपणांस मिळतात. त्याचप्रमाणें, हा मघांचाच पाहुणा, एवढें संकेतस्थळास कुकीवरून कळतें. मूळ हेतु निर्दोष होता. पण जाहिराती पुरविणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांनीं असा एक बिल्ला काढला, कीं जो शेंकडों देवळांच्या दारांत चाले. मग कोणता भाविक कोणत्या देवास किती वेळां जातो, याची वहीच त्यांच्याजवळ तयार झाली. डबलक्लिक ही त्यांतील अग्रगण्य कंपनी. टपालानें माल मागविणाऱ्या कुटुंबांच्या खरेदीची माहिती बाळगणारी ॲबॅकस डायरेक्ट ही संस्था तिनें १९९९ त विकत घेतली, आणि वहींतील क्रमांकांस नांवें व पत्ते जोडण्याचा बेत केला. त्यावर अमेरिकेंत एवढा गहजब उडाला, कीं मार्च २००० मध्यें तो बेत तिला स्थगित करावा लागला. २००८ त डबलक्लिक स्वतःच गूगलच्या मालकीची झाली.

छंदी मंडळींच्या लहान स्थळांस या बाजारांत फारसें कोणी विचारीत नव्हतें. जुनीं घड्याळें, पोस्टाचीं तिकिटें किंवा पक्षी यांवर लिहिणाऱ्या एकट्यादुकट्या हौशी माणसाकडे जाहिरात घेऊन कोण जाणार? २००३ त गूगलनें 'ॲडसेन्स' ही योजना पुढें आणली, आणि याच कामांत मुरलेली ॲप्लाइड सिमॅन्टिक्स ही कंपनी विकत घेतली. स्थळाच्या मालकानें आपल्या पानांत आज्ञावलीच्या चार ओळी घालाव्या. पानांतील शब्द यंत्र वाचील, त्यांस जुळती जाहिरात आणून बसवील, आणि कोणी ती उघडली कीं मालकास आपला वांटा मिळेल. कित्येकांचा स्थळ चालविण्याचा खर्च यांतून भागूं लागला, हे उपकार नाकारतां येणार नाहींत. मात्र यंत्र वाची तो शब्द; अर्थ नव्हे. त्याच वर्षीं 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या संकेतस्थळावर, खून करून प्रेताचे तुकडे प्रवासी पेटींत भरल्याची बातमी आली, आणि तिच्या शेजारीं यंत्रानें प्रवासी पेट्यांचीच जाहिरात मांडली! करकोच्याजवळची क्रेन याच वंशांतली. सुदैवानें ती निरुपद्रवी, इतकेंच.

आपल्या शास्त्रकारांस हा घोटाळा नवा नव्हता. 'सैंधव' म्हणजे मीठ, आणि सिंधुदेशचा घोडाही. धन्यानें 'सैंधव आण' म्हटलें, तर तो जेवावयास बसला आहे कीं प्रवासास निघाला आहे, हें पाहून सेवकानें काय तें आणावें. भर पंगतींत घोडा आणून उभा करणाऱ्या सेवकासारखेंच हें जाहिरातयंत्र! अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो, याची यादीच भर्तृहरीनें वाक्यपदीयांत दिली आहे. तींत साहचर्य आहे, प्रकरण आहे, अन्य शब्दांचें सान्निध्य आहे. आणि औचिती, देश व काल हेही आहेत. गेल्या वीस वर्षांत यंत्रें सुधारलीं तीं साहचर्य आणि सान्निध्य यांच्या बाबतींत. शेजारीं 'पंख', 'घरटें', 'अंडीं' असे शब्द आहेत, तेव्हां ही क्रेन लोखंडाची नव्हे, इतकें आतां त्यांस बहुधा उमगतें. औचितीचें प्रकरण मात्र अजून कोरेंच आहे.

तें कसें, हें मला स्वतःच्या घरीं कळलें. २००९ पासून गूगलनेंही, पानांतील शब्दांबरोबरच वाचकाच्या आवडीनिवडीची नोंद पाहून जाहिराती दाखविण्यास आरंभ केला होता. बिल्ल्याची वही आणि शब्दांची जुळणी यांची अशी एकत्र गांठ पडली. माझ्या वडिलांचे पाय गेले, तेव्हां त्यांच्यासाठीं चाकांच्या खुर्चीची चौकशी मीं संगणकावर केली होती. खुर्ची घेण्यापूर्वींच ते गेले. तेराव्यानंतर दोनतीन आठवड्यांनीं, मन रमवावें म्हणून तेंच पक्ष्यांचें पान उघडलें, तों करकोच्यांच्या शेजारीं चाकांची खुर्ची उभी होती, आणि तीही सवलतीच्या किमतींत. पुढें महिनाभर ती मजबरोबर पानोपानीं फिरली. या जाहिरातींत शब्दाची चूक नव्हती, माणसाचीही नव्हती. चूक होती ती काळाची. आमच्या पेठेंतला दुकानदार अशा दिवसांत दारावरून जातांना दोन शब्द बोलला असता, नाहीं तर मान खालीं घालून पुढें गेला असता. यंत्राच्या मानानें त्याला आमच्याविषयीं फार थोडें ठाऊक असतें. पण जें ठाऊक असतें तें केव्हां बोलूं नये, हें त्याला कळतें.

ही वही कोणीं ठेवावी आणि कशी वापरावी, यावर निर्बंध घालणारा कायदा युरोपांत २०१८ पासून अमलांत आला. आपल्या संसदेनेंही २०२३ त त्याच हेतूचा कायदा संमत केला. हें इष्टच झालें. परंतु वहीस कुलूप कसें लावावें हें कायदा सांगूं शकेल. औचिती तो शिकवूं शकणार नाहीं. मला वाटतें, छंदी स्थळांनीं तरी जाहिरातीच्या पहिल्या अवस्थेकडे थोडें परतून पाहावें. पक्ष्यांच्या पानावर दुर्बीण विकावयाची असेल, तर वाचकाचें नांवगांव, त्याची खरेदी, त्याच्या घरचें दुखणें, यांतलें काय ठाऊक असावें लागतें? पानाचा विषय पुरेसा आहे. अशी जाहिरात न्यायाधीशाला आणि शिपायाला पुन्हां एकच दिसेल, आणि पानाच्या मालकासही चार पैसे मिळतील.

तोंपर्यंत करकोच्याशेजारीं क्रेन दिसली, तर मी रागावत नाहीं. पंगतींत घोडा आला म्हणून हंसतां येतें. धन्याच्या मनांतलें सेवकाला कळलेलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या दिवशीं त्या चौकटींत मला हवी तीच वस्तु, हवी त्याच घटकेस दिसूं लागेल, त्या दिवशीं मात्र ती वही कोणाच्या हातीं आहे, हें विचारल्यावांचून मी पुढील पान उघडणार नाहीं.