पुस्तकांची जप्ती

छापील मजकूर आक्षेपार्ह ठरवून त्याच्या सर्व प्रती सरकारजमा करण्याची कायदेशीर कारवाई. लेखकाला शिक्षा करायची तर गुन्हा न्यायालयात शाबीत करावा लागतो. जप्तीला सरकारी अधिसूचना पुरते. ब्रिटिश अमदानीत सरकारला ती सोयीची वाटली, यात नवल नाही. टिळकांना १८९७ आणि १९०८ च्या राजद्रोह खटल्यांत तुरुंगवास झाला, पण त्यांचा लोकांवरचा प्रभाव त्याने वाढलाच. १९१० च्या आणि पुढे १९३१ च्या मुद्रणविषयक कायद्याने रोख छापखान्याकडे वळवला: मालकाकडून जामीन रक्कम भरून घ्यायची आणि नको ते छापले की ती बुडवायची.

खानदेशातले ठळक उदाहरण साने गुरुजींच्या ‘पत्री’ या कवितासंग्रहाचे (१९३५). त्यातील देशभक्तीपर कवितांमुळे सरकारने प्रती जप्त केल्या. कविता मात्र लोकांच्या तोंडी राहिल्या. एक तर आजही शाळाशाळांतून गायली जाते. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्याच फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्यासाठी गुरुजी राबले होते. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी त्याच वर्षी नागरी स्वातंत्र्य संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. १९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले.

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही, ते यातच धरले जाते. १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान आदी कारणांसाठी वाजवी निर्बंधांची मुभा आहे. जप्तीचा अधिकारही टिकून राहिला: आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८. अधिसूचनेत सरकारला कारणे द्यावी लागतात आणि दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. ही कारणे अनेकदा तोकडी पडतात. गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’वरील जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केली. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाची २००४ मधील जप्ती त्याच न्यायालयाने २००७ मध्ये रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला. अर्थात प्रकाशकाने भारतातली विक्री नोव्हेंबर २००३ मध्येच थांबवली होती. जानेवारी २००४ मध्ये या पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, आणि सरकारी अधिसूचना त्यानंतर निघाली.