माथेरानची गाडी आणि लेटन बझर्डचं 740



गेल्या महिन्यात मुलांना घेऊन लेटन बझर्डला गेलो होतो. आमच्या मिल्टन कीन्सपासून अगदी जवळ. तिथे दोन फुटी रुळांवर एक छोटी आगगाडी चालते. 1919 मध्ये वाळू वाहायला टाकलेली ही लाईन 1967 पासून हौशी मंडळींनी चालवत ठेवली आहे. तेलकट डगला घातलेल्या एका आजोबांनी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? म्हटलं, मुंबईजवळ कल्याण. त्यावर गृहस्थ म्हणाले, "मग नेरळ माहीत असेल. तिथलं एक इंजिन आमच्याकडे आलंय, नंबर 740."

मी चाट पडलो. नेरळ माहीत असेल म्हणे! 1978 च्या दिवाळीत आजीबरोबर त्याच गाडीनं माथेरानला गेलो होतो. पुढे वाफेचं इंजिन, त्याची काजळी माझ्या नव्या शर्टावर, आणि शेजारी आजी आवळासुपारी चघळत बसलेली. वळणावर गाडी इतकी हळू व्हायची की दोन-तीन पोरं उतरून पायी चालायची आणि पुढे परत चढायची. 740 त्या दिवशी आमच्या गाडीला होतं की त्याचं एखादं भावंड, कोण सांगणार?

घरी आल्यावर पुस्तकं काढली. माथेरान 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं "शोधलं", असं सगळीकडे लिहिलेलं असतं. (डोंगरातल्या आदिवासींना ते आधीपासून ठाऊक होतं, पण ते जाऊ द्या.) पुढली पन्नासेक वर्षं नेरळहून वर जायचं तर घोडा, पालखी, नाहीतर स्वतःचे पाय. रेल्वे आणली ती मात्र सरकारनं नव्हे. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बोहरी व्यापारी. लष्कराला तंबू पुरवून त्यांनी पैसा कमावला होता. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम सुरू केलं आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी वर पोचली. खर्च सोळा लाख रुपये, आणि तोही घरचा. सल्लागार इंजिनियर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाईट रेल्वेवाला. याच माणसाची इंग्लंडातली लीक अँड मॅनिफोल्ड लाईन 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंद पडली. आज तिच्या जागी लोक फिरायला जातात, सायकली चालवतात. माथेरानची लाईन तिच्यापेक्षा कितीतरी अवघड, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट चढ. इतक्या तीव्र वळणांवर फिरता यावं म्हणून इंजिनांची चाकं खास पद्धतीनं बसवलेली होती. ती इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलकडून आली. 740 त्यातलंच. ऐंशीच्या दशकात ही चार भावंडं निवृत्त झाली.

खरी परीक्षा नंतर सुरू झाली. 26 जुलै 2005 चा पाऊस आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. त्या पावसानं माथेरानच्या लाईनचे रूळ, भराव, सगळंच ओढून नेलं. आता ही गाडी कायमची गेली, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पण ती 2007 च्या मार्चमध्ये, नेमकी शंभरीला, परत सुरू झाली. 2016 च्या मे महिन्यात अमन लॉजजवळ दोनदा डबे घसरले आणि गाडी थांबली. 2018 च्या जानेवारीत नेरळहून पुन्हा सुटायला लागली, तर 2019 च्या पावसाळ्यानं परत घात केला. पूर्ण मार्ग उघडायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. दार्जिलिंग, निलगिरी, शिमला या तिन्ही गाड्या युनेस्कोच्या यादीत गेल्या. आपली अजून बाहेरच.

आता कोणी म्हणेल, घाटरस्ता आहे, टॅक्सी आहे, तीन तास खडखडत कशाला जायचं? पण टॅक्सी दस्तुरीलाच थांबते. पुढे मोटारबंदी. तिथून बाजारापर्यंत लाल मातीचा अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता, आणि सत्तरीतल्या माणसाला तो चालवत नाही. घोडा नको असेल, हातरिक्षात माणसानं माणसाला ओढलेलं बघवत नसेल (सुप्रीम कोर्टानंही 2025 च्या ऑगस्टमध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं), तर अमन लॉजहून सुटणारी शटल आहे. 2012 पासून ती सुरू झाली, आणि गावाचा बराचसा धंदा तिच्यावर चालतो. 2011 च्या जनगणनेत साडेचार हजारसुद्धा वस्ती नव्हती. शेती नाही, कारखाना नाही. पाहुणा आला नाही तर चूल पेटायची पंचाईत.

म्हणूनच 2025 च्या मार्चमध्ये गावानं जे केलं ते मला मोठं वाटतं. दस्तुरीला उतरणाऱ्या पाहुण्यांना "गाडी बंद आहे, लांब चालावं लागेल" असं खोटं सांगून जास्त पैसे काढले जातात, अशी तक्रार वाढली होती. गावकऱ्यांनी बेमुदत बंद पुकारला. हॉटेलं बंद, दुकानं बंद. ज्यांचं पोट पाहुण्यांवर, त्यांनीच पाहुण्यांसाठी स्वतःचा गल्ला बंद ठेवला! घोडेवाल्यांचंही पोट आहे, हे मान्य. माझ्या आजीला तिथल्याच एका घोडेवाल्यानं शार्लोट तलावापर्यंत नेऊन आणलं होतं आणि वाटेत सांभाळून घेतलं होतं. पण खोटं सांगून पाहुणा एकदाच मिळतो.

लेटन बझर्डचे आजोबा मला म्हणाले होते, "आमच्याकडे गाव गाडीला जगवतं. तुमच्याकडे?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा हा बंदाचा किस्सा सांगेन म्हणतो.

डिसेंबरात कोणी भारतात जाणार असाल तर नेरळहूनच बसा. 2022 मध्ये सुरू झाली तेव्हा दिवसाला दोनच फेऱ्या होत्या, त्यामुळे वेळ आधी बघून ठेवा. पावसाळ्यात गेलात तर खालचा भाग बंद असतो, वरची शटल मात्र धावते. आणि दस्तुरीला कोणी "गाडी बंद आहे" म्हणालं, तर सामान उचला आणि अमन लॉज स्टेशनपर्यंत चालत जाऊन स्वतः बघा. पाच-दहा मिनिटांचा रस्ता आहे.