दोन कुरवांची ओळख

हिवाळ्यात मुंबईच्या गेटवेपासून घारापुरीकडे निघालेल्या होड्यांमागे पांढऱ्या-राखाडी कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. पाहणाऱ्याला तो एकाच जातीचा वाटतो; वस्तुतः त्यात पुष्कळदा दोन जाती मिसळलेल्या असतात.

काळ्या डोक्याच्या कुरवाला लिनियसने १७६६ साली शास्त्रीय नाव दिले. दुसरी जात आणखी चौऱ्याहत्तर वर्षे अनामिक राहिली. मद्रास सैन्यातील शस्त्रवैद्य टॉमस जर्डन याने भारतीय द्वीपकल्पातील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात १८४० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील या पक्ष्याचे वर्णन आले, आणि त्याचे नाव पडले 'ब्रुनिसेफॅलस', म्हणजे तपकिरी डोक्याचा.

गंमत अशी की, 'काळ्या डोक्याच्या' कुरवाचे डोकेही गडद तपकिरीच असते. शिवाय हा रंग विणीच्या हंगामातला. ऐन हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी; कानापाशी काय तो काळसर ठिपका. डोकी पुन्हा रंगतात तोवर परतीचे दिवस आलेले असतात. ज्या खुणेवरून नाव पडले, तीच खूण आपल्या किनाऱ्यावर बहुतेक काळ निरुपयोगी!

खरी साक्ष पंख देतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक ठळक काळे असून त्यात पांढरे ठिपके चमकतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची बाजू पांढरी असते. काळा रंग टोकाच्या किनारीपुरताच. पहिला अंगानेही थोडा थोराड, चोचीने जाड. प्रौढपणी त्याचा डोळा फिकट, तर दुसऱ्याचा गडद. जुन्या संशोधकांची मदार बंदुकीवर आणि संग्रहातील कातड्यांवर होती. कातड्याचा पंख निवांत न्याहाळता येई. डोळ्यांच्या जागी मात्र कापूस! ही खूण जिवंत पक्ष्याची, आणि ती दुरून दाखवली दुर्बिणीने. कोवळ्या पक्ष्याच्या बाबतीत तीही फसवते, कारण त्याचा डोळा अजून गडदच असतो.

हा भेद कळला की पाहुण्याचा मुलूख कळतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटातील उंच सरोवरांकाठी, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील त्सो मोरीरीसारख्या ठिकाणी, घरटी करतो. काळ्या डोक्याच्याची वीण युरोपपासून थेट कामचात्कापर्यंतच्या पाणथळींत होते. असे दूरदूरचे प्रवासी होडीमागे मूठभर शेवेसाठी भांडत असतात.

गडद पाठीच्या मोठ्या कुरवांचे कोडे याहून बिकट. त्यांपैकी ह्यूग्लिनच्या कुरवाला १८७६ मध्ये नाव मिळाले, तर पश्चिम सैबेरियाच्या गवताळ प्रदेशातील त्याच्या भाईबंदाचे वर्णन योहान्सन याने केले ते १९६० मध्ये. या स्वतंत्र जाती की एकाच जातीचे पोटभेद, यावर पक्षिशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.