माहुलीची समाधी आणि अंगणाचे कुंपण

कुत्रे पाळणाऱ्या गृहस्थांची एक तक्रार साताऱ्याच्या पेठांतून आणि सांगलीच्या नव्या वसाहतींतून सारखीच ऐकू येते. कुत्रे आवारात राहत नाही! भिंत उंच करावी तर ते तिच्याखाली उकरते, फाटकास जाळी ठोकावी तर दूधवाला आत येताच त्याच्या पायांतून निसटते, आणि साखळीला बांधावे तर रात्रभर रडून शेजाऱ्यांची झोप मोडते. असला घरगुती विषय इतिहासाच्या व्याख्यानास शोभत नाही, असे कोणी म्हणेल. पण आवार कोणासाठी घातले गेले, त्यात कोण राहिले आणि कोण बाहेर पडले, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आणि त्याचे एक उत्तर साताऱ्यापासून अवघ्या दीड-दोन कोसांवर उभे आहे.

कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुली येथे, छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या आहेत. त्यांच्याच सान्निध्यात एका कुत्र्याची समाधी आहे. परंपरा या कुत्र्याचे नाव खंड्या असे सांगते. शाहू महाराज शिकारीस गेले असता वाघाशी प्रसंग ओढवला, आणि या कुत्र्याने धन्याचे प्राण वाचविले. महाराजांनी त्याला सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि त्या पालखीचा सरंजामही प्रत्यक्ष चालू ठेवण्यात आला. इंद्रोजी कदम हा सरदार भेटीस आला, तेव्हा महाराजांनी कुत्र्यास जरीची वस्त्रे व जवाहीर घालून स्वतःचे पागोटे त्याच्या मस्तकी ठेवले, असे ग्रँट डफ सांगतो. हा साहेब १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. धाकट्या राणीच्या मृत्यूने महाराजांची बुद्धी भ्रमिष्ट झाली होती, तिचाच हा चाळा, असा त्याचा अभिप्राय. आपल्याकडे मात्र तीच हकीगत भपक्याने येणाऱ्या सरदाराचा नक्षा उतरविणारी म्हणून सांगतात. या दोन्ही अर्थांपेक्षा वेगळी अशी एक गोष्ट मला येथे विचारार्थ ठेवावयाची आहे.

शाहू महाराजांना आवार म्हणजे काय हे पुरते ठाऊक होते. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा सात वर्षांचा हा राजपुत्र मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या हाती सापडला. पुढची सतरा-अठरा वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत काढली. बादशाहाच्या निवासाभोवती तांबड्या कापडाची कनात असे. तिला गुलालबार म्हणत. तिच्याच निकट या मायलेकरांचा मुक्काम राखलेला होता. पायात बेडी नव्हती. उलट राजा ही पदवी आणि सात हजारी मनसब होती. भिंत होती ती कापडाची. पण तिच्यामागे चौकी होती. १७०७ मध्ये बादशाह वारला, आझमशाहाने मोकळीक दिली आणि शाहूंनी दक्षिणेची वाट धरली. त्यांनी दूर जाऊ नये म्हणून मोगलांनी दोर मात्र आपल्याकडेच ठेवला. येसूबाई ओलीस राहिल्या, आणि त्या स्वराज्यात परतल्या त्या १७१९ मध्ये! गोंजारून कोंडलेला मनुष्य दार उघडताच निघून जातो, हे ज्याने स्वतः अनुभवले, त्या राजाच्या सोबतीस असलेला मुका प्राणी वाघ पाहूनही निघून गेला नाही. बांधलेले कुत्रे वाघावर धावून जाऊ शकत नाही. म्हणजे त्या घटकेला ते मोकळे असलेच पाहिजे. पळण्याची मुभा असता ते राहिले. पालखीचा मान या राहण्याचा होता, असे मी समजतो. महाराजांच्या मनात काय होते याचा कागद नाही. हे माझे अनुमान आहे.

राजाचे उदाहरण अपवादाचे वाटेल, म्हणून अगदी साध्या माणसांकडे वळू. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी-जत हा अवर्षणाचा मुलूख. आणि १९४९ पूर्वी हा सर्व प्रदेश बहुतांशी एकाच सातारा जिल्ह्याच्या किंवा त्याला लागून असलेल्या संस्थानांच्या कक्षेत होता. येथील धनगर चाऱ्यासाठी मेंढरे घेऊन मुलूखभर फिरतो. सांज झाली की तो माळावर वाघर लावतो. वाघर म्हणजे दोरीच्या जाळीचे कुंपण. मेंढरे वाघरीच्या आत असतात आणि कुत्रे बाहेर असते. चहूकडे मैदान मोकळे असताना ते लांडग्याची चाहूल घेत पडून राहते. त्याला कशाने धरून ठेवले आहे? पिलूपण मेंढरांत गेलेले असते, भाकरी रोज त्याच बिऱ्हाडाशी मिळते, दिवसभर चालून अंग दमलेले असते, आणि रात्रीस काम नेमून दिलेले असते. आपल्या बंगल्यातील कुत्र्यास यांपैकी फक्त भाकरी मिळते. मग ते कंटाळून भिंत उकरते, यात नवल ते काय?

परंतु एवढ्यावरून कुंपणे मोडून टाकावीत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मोकळ्या कुत्र्याची दुसरी बाजू भयंकर आहे. कुंपणाचा हा प्रश्न सरकारदरबारी कसा गेला हे पाहण्यासाठी घाट उतरून मुंबईस जावे लागते. तेथे मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले, तेव्हा ज्यांच्या धर्मात कुत्र्यास मान आहे ते पारशी खवळले आणि जून १८३२ मध्ये शहरात दंगा उसळला. दारातले कुत्रे कोणाचे, धन्याचे की रस्त्याचे, हा वाद तेव्हापासूनचा आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या २८९ व्या कलमाने जनावराचा बंदोबस्त न करणाऱ्या धन्यास दोषी ठरविले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चरने १८८५ मध्ये लस दिली, तोपर्यंत त्या रोगास अटकाव करणारा खात्रीचा उपाय नव्हता. आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो आजही बहुधा प्राण घेतोच. तेव्हा आवाराची भिंत शेजाऱ्याच्या मुलासाठी हवी, यात शंका नाही.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने दुसरे पाऊल टाकले. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने आखूड वा जड साखळीने जनावरास गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे हा अपराध ठरविला; इतकेच नव्हे तर नित्य बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरविण्याची हयगय करणे हाही अपराध ठरविला. १८६० चा कायदा २०२४ पर्यंत माणसास कुत्र्यापासून राखत होता, तर १९६० चा कुत्र्यास साखळीपासून राखतो. या शंभर वर्षांच्या अंतरात या प्रश्नाचा सगळा न्याय आला आहे. धन्यावर ऋण दोन्हींकडचे आहे.

तेव्हा भिंतीचा पाया थोडा खोल न्यावा, कडेने फरशी बसवावी, फाटकाआड दुसरे लहान फाटक करावे, लस चुकवू नये, आणि माजावरच्या ओढीने भटकणाऱ्या कुत्र्याची वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. हे सर्व कराच. पण त्याबरोबर सकाळ-संध्याकाळ त्याला घेऊन चालावे, आणि घरात त्याला काही काम असावे. ओढाळ गुराच्या गळ्यात आपले पूर्वज लोढणे अडकवीत. त्याने गुराची चाल मंदावे, ओढ काही जात नसे. कधी माहुलीस गेलात, तर राजांच्या समाध्या पाहून झाल्यावर त्या मुक्या जहागीरदारापाशीही क्षणभर थांबा, आणि आपल्या दारच्या कुत्र्यास आज कोणी फिरविले का, याची आठवण करा.