दारूखान्यापासून घरातल्या पेल्यापर्यंत

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकात उतरून पूर्वेकडे चालू लागले की दारूखाना लागतो. जुनी जहाजे तोडण्याच्या धंद्यासाठी ही वस्ती प्रसिद्ध आहे. वस्तीचे नाव प्रथमच ऐकणाऱ्याला हसू येते, आमच्या एम. ए.च्या वर्गातही दरवर्षी येते. परंतु येथली दारू पिण्याची नव्हती, उडवण्याची होती. बंदुकीच्या दारूवरून पडलेले हे नाव आहे आणि जवळच्या धक्क्याचे 'पावडर वर्क्स बंदर' हे इंग्रजी नावही तीच साक्ष देते. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड रे (१८८५-१८९०) याचे नाव रस्त्याला आणि स्थानकाला मिळाले ते मागाहून.

फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत मात्र ह्या शब्दाने मद्य आणि स्फोटक असे आणखी दोन संसार थाटले. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. (संस्कृतातला ऱ्हस्व 'दारु' म्हणजे लाकूड, तो वेगळा. दारूखान्याला लागूनच लाकडी बंदर आहे हा निव्वळ योगायोग. व्युत्पत्तीच्या हौशी अभ्यासकांनी तिकडे वळू नये.) औषध, स्फोटक आणि मद्य हे तीन अर्थ कोशात शेजारी शेजारी सुखाने नांदतात. घरात बसून कोणी प्यावे, कोणी मिसळावे आणि कोणी तुरुंगात जावे, हे मात्र ह्या अर्थांपैकी कोणता कोणाच्या वाट्याला आला यावर ठरत गेले, असे आम्हांस वाटते.

यांतले दोन अर्थ एका जुन्या इंग्रजी परीक्षेत प्रत्यक्ष एकत्र आले होते. मद्याचा कस पाहण्यासाठी त्यात बंदुकीची दारू भिजवून ती पेटवून पाहत. पेटली तर मद्य कसास उतरले. न पेटली तर त्यात पाणी अधिक. पुढे १८१६च्या कायद्याने साइक्सच्या हायड्रोमीटरचे माप मान्य झाले, तरी 'प्रूफ' हा शब्द राहिलाच. ब्रिटिश मापाचे शंभर प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याच्या पाऊणपट घेतले की ४२.८ येतात, आणि हाच अपूर्णांकातला आकडा बहुतेक भारतीय व्हिस्कीच्या बाटल्यांवर छापलेला असतो. घरी मित्रमंडळींसाठी व्हिस्कीत लिंबू, साखर, बर्फ घालणारा हौशी माणूस त्या आकड्याकडे पाहत नाही. पाहिले, तर तोही एका अर्थी दारूखान्यातच उभा असतो.

मिश्रणाची हौसही इकडे नवी नाही. सतराव्या शतकात जॉन फ्रायर ह्या इंग्रज वैद्याने गोव्याजवळच्या नेरूळच्या (आपल्या नवी मुंबईतल्या नव्हे) अर्काचा उल्लेख करताना, इंग्रज त्यापासून 'पंच' बनवतात आणि हा शब्द पाच घटकांवरून आला, असे लिहून ठेवले. ह्या व्युत्पत्तीवर कोशकारांनी शंका घेतली आहे, तेव्हा आपण फार फुशारून जाऊ नये. पण ईस्ट इंडियन घरांतले खिमाड तर आपल्याच अंगणातले आहे: गावठी दारूत साखर, दालचिनी, लवंग, वेलदोडा घालून गरम गरम द्यायचे पेय. लग्नाला आणि नाताळाला ते लागतेच. रे रोडपासून माझगावची म्हातारपाखाडी कितीशी दूर? कॉकटेल शिकायला परदेशी पुस्तके उघडणाऱ्यांनी शेजारच्या म्हातारीलाही विचारायला हरकत नव्हती.

म्हातारीला विचारणे अवघड झाले ते कायद्यामुळे. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप गावोगावच्या भट्ट्यांतून काढून परवानाधारकांच्या हाती एकवटले. १८९२मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही बंधने आली. झाडाखाली पडलेले फूल सरकारी संशयाचा विषय झाले! पुढे १९३९मध्ये मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला, मग १९४९चा कायदा आला आणि १९५०पासून बंदी पूर्ण झाली.

येथे 'दारू'चा फारसी अर्थ सरकारी दप्तरात परतला. बालसारा नावाच्या एका मुंबईकराने कायद्याला आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर आणि औषधी वाइन यांच्या जोडीला ओ-डी-कोलन आणि लॅव्हेंडर वॉटरही जवळ बाळगण्याचा हक्क त्याने मागितला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१मध्ये बंदी कायम ठेवली, पण औषधे आणि प्रसाधने यांतला मद्यार्क तीतून मोकळा केला. पिणारा हुशार असतो. तो आल्याच्या टिंक्चरकडे वळला. ज्याची ऐपत होती त्याने प्रकृतीच्या कारणावरून परमिट काढले. दिवाणखान्यातला सोडा आणि व्हिस्की कायद्याच्या भाषेत उपचार ठरला. 'परमिट रूम' ही पाटी त्याच काळाची.

ज्याची ऐपत नव्हती त्याला हातभट्टी होती. काळा गूळ, नवसागर, पाणी आणि कुजवणीचे चार दिवस, माप नवटाकाचे. विकणारी बहुधा बाईच. मुंबईने तिला 'आंटी' हे नाव देऊन टाकले. तिचा अड्डा म्हणजे तिचे घरच. तेव्हा घरगुती मद्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिचा इतिहास आहे, आणि आमच्या वाङ्मयेतिहासात तो जवळजवळ नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील (१९१९) सुधाकराचा अध:पात आम्ही वर्षानुवर्षे शिकवला, तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळावर हसलो, सिंधूसाठी हळहळलो. पेला कोणी भरला, कोठे भरला, त्यात काय होते, हा प्रश्न परीक्षेत आम्ही एकदाही विचारला नाही.

१९४९चा कायदा, नाव बदलून, आजही आहे. मे २०२०मध्ये टाळेबंदीत महाराष्ट्राने घरपोच मद्य द्यायला परवानगी दिली, तीही परवानाधारकांनाच. त्यानंतर घरी व्हिस्कीची मिश्रणे करून पाहणारे आमच्या सहकाऱ्यांतही निघाले. एकाने तर खिमाडाचा मसाला व्हिस्कीत घालून पाहिला, आणि तो वाईट लागला नाही. त्याआधी पाच वर्षे, जून २०१५मध्ये, मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दारू पिऊन मेली. त्यांच्या पेल्यात मिथेनॉल होते. ते पिताना दिसत नाही, वासानेही खात्रीने ओळखता येत नाही, आणि पेल्यावर ४२.८सारखा कोणताही आकडा छापलेला नसतो.